आधी ओळख, मग पाठ

आमच्या बाई कुणाच्या घरी गेल्या की बसण्याआधी उंबरा मोजायच्या. वाकून, वीत टाकून, सगळ्यांच्या देखत. मग पदर सावरून सतरंजीवर बसायच्या आणि घरातल्या बाईला सांगायच्या, तुमचा उंबरा आमच्या उंबऱ्याहून चार बोटं मोठा आहे हो. ऐकणारीला हे कौतुक समजावं की टोमणा, तेच कळायचं नाही. खरं म्हणजे दोन्ही नव्हतं. बाईंना नुसतं माहीत करून घ्यायचं असायचं.

मी सांगते आहे ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दहा वर्षांतली गोष्ट. गिरगावातून घोड्यांची ट्राम जायची, आणि मुलीला शाळेत घालायचं म्हटलं की घरात आठ दिवस खल चालायचा. आमची शाळा ठाकुरद्वाराजवळच्या एका वाडीत, माडीवर होती. खाली सोनाराचं दुकान, वर आम्ही. हेडमास्तर पगडीवाले, तपकीर ओढणारे, स्वच्छ आणि कडक. आणि बिगारीच्या, म्हणजे अगदी लहान मुलींच्या वर्गाला या बाई.

बाई उंच, सावळ्या, हाडापेरानं मोठ्या. मूळच्या राजापूरकडच्या, त्यामुळे आम्हा सगळ्या मुलींना त्या 'गो' म्हणायच्या. कपाळाला कुंकू नव्हतं. पायात वहाणा आणि हातात छत्री. त्या काळी बाईमाणसानं छत्री घेऊन रस्त्यानं चालणं म्हणजे ओट्यावरच्या मंडळींना दिवसभराचा विषय व्हायचा. गंमत म्हणजे बाई ती छत्री कधी उघडायच्या नाहीत. भर उन्हात ती मिटलेलीच असायची. तिच्या दांड्याला त्यांनी वीत-वीत अंतरावर लाल दोरा गुंडाळला होता, आणि वाटेत जे भेटेल ते त्या छत्रीनं मोजायच्या. ट्रामचं चाक, विहिरीचा काठ, एकदा तर उभ्या बैलाची पाठ. ऊन लागत नाही का, असं माझ्या आईनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, छत्री उघडली तर मोजू कशानं?

वर्गात त्यांचा पहिला नियम असा, की पाटी दप्तरातून दुपारनंतर काढायची. सकाळभर चिंचोके, सागरगोटे, शिंपले, पाणी आणि आमचे हात. पाटीवर आकडा निघतो गो, संख्या निघत नाही, असं त्या सांगायच्या. आकडा म्हणजे नाव झालं. नावानं हाक मारता येते, पण माणूस ओळखायला नको का? म्हणून दिवाळीपर्यंत आम्ही दहाच्या पुढे गेलोच नाही. पाच हा एक माणूस नाही, ते एक घर आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यात कधी चार नि एक राहतात, कधी तीन नि दोन, आणि कधी पाचही जण बाहेर गेले की घर रिकामं, पण घर असतंच. सागरगोटे खेळताना आम्ही एक-एक, मग दोन-दोन, मग तीन नि एक असे उचलायचो, तेच त्या जमिनीवर मांडून दाखवायच्या. इतर वर्गांत बोटांवर मोजलं की छडी बसायची. बाई उलट रागवायच्या की बोटं पदराखाली का लपवता. बोटाची पेरं अंगठ्यानं मोजली की एका हातावर बारा होतात, हे मला त्यांनी दाखवलं, तेव्हा मी रात्री अंथरुणात दोन्ही हात पुन्हापुन्हा मोजत पडले होते. आपल्याच हातात इतकं काही आहे हे मला ठाऊक नव्हतं.

पाण्याचा प्रयोग मात्र महागात पडला. तांब्यात वाट्या किती मावतात ते आम्ही एकेक करून ओतून बघत होतो. निम्मं पाणी जमिनीवर, आणि तिथून फळ्यांच्या फटीतून खाली सोनाराच्या डोक्यावर. सोनार ओल्या खांद्यानं वर आला. त्याला बोलायला सुरुवातही करू न देता बाईंनी विचारलं, तुमच्याकडे काटा आहे ना, तो जरा वर आणता का? त्यानं का आणला हे त्यालाच माहीत. मग एका हातात मूठभर कापूस, दुसऱ्या हातात सुपारी, जड काय ते आधी हातांनी सांगायचं आणि नंतर काट्यानं बघायचं, असा खेळ सुरू झाला. सोनार हसत हसत काटा धरून बसला. पुढे दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो आमच्या दारात येऊन उभा राहू लागला. हेडमास्तरांनी एकदा बाईंना विचारलं, या विद्यार्थ्याचं नाव कुठल्या वर्गाच्या पटावर आहे?

हेडमास्तरांशी त्यांचा वाद रोजचा होता. हेडमास्तरांचं मत सरळ होतं. लहानपणी डोकं ओलं असतं, तेव्हा जे उमटवाल ते टिकतं. म्हणून बिगारीतच तिसापर्यंत पाढे, आणि पहिलीत पावाचे, अर्ध्याचे, पाऊणाचे, सव्वाचे, दीडाचे पाढे पाठ झाले पाहिजेत. समजेल मागाहून. बाईंचं म्हणणं, मागाहून कोण समजावणार? मागाहून तुम्ही नसता, मीही नसते, आणि मुलगी दुसऱ्याच्या घरी असते. आधी ओळख, मग पाठ. हे दोघं व्हरांड्यात बोलत असले की आम्ही कान देऊन ऐकायचो. एकदा हेडमास्तर म्हणाले, "बाई, पाठ नसेल तर समजलेलंसुद्धा निसटतं." बाई म्हणाल्या, "ते खरं आहे." दोघांचा वाद मिटला असं मी घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सुरू झाला.

त्यांचा आणखी एक शब्द होता, 'साधारण'. समोर काहीही आलं, की मोजण्याआधी साधारण किती ते सांगायचं. पारावर बसलेले कावळे, टोपलीतली बोरं, वाडीतले माड. अंदाज चुकला तर त्या कधी चूक म्हणायच्या नाहीत. "जवळ आलीस" किंवा "लांब राहिलीस" एवढंच. मी बहुतेक वेळा जवळ असायची. पाढ्यांत मात्र माझी गाडी सोळाशी अडली होती. बाई शाळेत येण्याआधी बिगारीही हेडमास्तरच घ्यायचे, तेव्हा वर्षभर मी त्यांच्या हाताखाली पाढे म्हटले होते, आणि सोळाच्या पाढ्यात मधेच कुठेतरी माझं तोंड बंद व्हायचं. त्यावरून घरी माझ्यावर ढ म्हणून शिक्का बसला होता.

आमच्या घरात शब्द चालायचा काकांचा. वडील त्यांच्यापुढे मान वर करत नसत. काका एका सॉलिसिटरच्या कचेरीत मोठे कारकून होते, आणि पाढ्यांचा त्यांना फार अभिमान. जेवताना एकदा ते म्हणाले की इतके दिवस शाळेत जाऊन मुलगी चिंचोके खेळायला शिकली, ते घरी बसूनही जमलं असतं. दिवाळीनंतर नाव काढून टाकायचं. आई ताक वाढत होती. तिचा हात तिथेच थांबला. मी पानातून उठले आणि दुसऱ्या दिवशी बाईंना सगळं सांगितलं.

त्याच आठवड्यात बाई घरी आल्या. उंबरा मोजला, बसल्या. काकांनी मला पुढे उभं केलं आणि सोळाचा पाढा म्हणायला सांगितलं. मी नेहमीच्या जागी अडले. काकांनी बाईंकडे बघितलं. दिवाळीचे दिवस होते, मधे ताटात करंज्या ठेवल्या होत्या. बाईंनी मला विचारलं, "या ताटातल्या करंज्या दोन-दोन वाटल्या तर घरात सगळ्यांना पुरतील का गो?"

मी ताटाकडे बघितलं. "सगळ्यांना पुरतील. काका असले तर नाही पुरणार."

"का?"

"काका दोनावर थांबत नाहीत."

वडिलांना ठसका लागला. आत आईच्या बांगड्या वाजल्या. काकांनी मिशीवरून हात फिरवला, आणि त्यांना हसू आलेलं मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. बाई गंभीरपणे म्हणाल्या, बघा, भागाकार येतो, आणि भागाकार कुठे लागू पडत नाही तेही कळतं. काका हसले तरी बधले नाहीत. त्यांनी एवढंच कबूल केलं, की बक्षीस समारंभापर्यंत नाव राहू द्या. तिथे चार लोकांसमोर हिनं काही करून दाखवलं तर शाळा, नाही तर घर.

काका बाहेर गेल्यावर बाई आत माजघरात आईजवळ जाऊन बसल्या. आईनं भीत भीत विचारलं, बाई, पाढे तुम्हाला आवडत नाहीत का? तेव्हा त्यांनी सांगितलेलं मी खांबाआडून ऐकलं. त्यांचे वडील गावात पंतोजी होते. मुलगी पाच वर्षांची असल्यापासून पाहुणे आले की तिला पाटावर उभी करायची आणि साडेतीनाचा पाढा, ज्याला औटकी म्हणतात, तो म्हणून घ्यायचा. लोक तोंडात बोट घालायचे. नवव्या वर्षी लग्न झालं. सासरी पहिलाच सण आला, तेव्हा सासूनं सांगितलं, पाच पंक्ती बसतील, पंक्तीला पाच माणसं, बागेतून तेवढी केळीची पानं काढून आण. ही पोर बागेत गेली आणि हातात मावली तेवढी पानं घेऊन आली. शेवटची पंक्ती पानांवाचून उभी राहिली. सासू सगळ्यांसमोर म्हणाली, हिला औटकी येते म्हणे.

"पाच पंचे पंचवीस माझ्या तोंडात होते हो," बाई आईला म्हणाल्या, "पंक्तीत नव्हते. दुपारी सगळे निजल्यावर मी विहिरीपाशी गेले, फणसाची पडलेली पानं गोळा केली आणि पाच-पाचच्या ओळी लावल्या. पंचवीस मला तेव्हा पहिल्यांदा दिसले. इतकं हसू आलं, की विहिरीवर कुणी असतं तर मला वेडी ठरवलं असतं."

आई हसली नाही. तिनं बाईंच्या हातावर दोन करंज्या ठेवल्या आणि मग आणखी एक ठेवली.

बक्षीस समारंभ वाडीच्या चौकात मांडव घालून झाला. जाजमांवर ओळीनं पाहुणे बसले होते, पगड्या, पागोटी, उपरणी. मागे बायका, आणि त्यांच्याही मागे भिंतीशी उभी असलेली मंडळी. अध्यक्ष म्हणून एक म्हातारे कापडवाले शेठजी आले होते. मोठ्या मुलींनी दिडकी, म्हणजे दीडाचा पाढा म्हटला, अगदी एका सुरात, टाळ्या पडल्या. मग हेडमास्तरांनी आमच्या वर्गाला उभं केलं आणि नेमकं मलाच पुढे बोलावलं. सोळाचा पाढा. काका तिसऱ्या ओळीत बसले होते. मी सुरू केलं आणि अडायचं तिथेच अडले. मांडवात चुळबूळ झाली. हेडमास्तरांचाही चेहरा उतरला. त्यांना मला पाडायचं नव्हतं, हे आता कळतं. माझा पाढा झालेला त्यांना खरोखर हवा होता.

बायकांतून बाई उठल्या. भर सभेत बाईनं उठून बोलणं तेव्हा अपूर्वच होतं. त्यांनी शेठजींना नमस्कार केला आणि विनंती केली, की समोर दिसतंय त्यातलं काहीही या मुलीला विचारावं.

शेठजींना मौज वाटली. त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "मुली, इथे माणसं किती आली आहेत?"

मी मांडवाकडे बघितलं. प्रश्न ओळखीचा होता. पहिली ओळ पेरांवर मोजली. मग नुसत्या ओळी मोजल्या. दहा ओळींचा एक ढीग केला की सोपं जातं, हे बाईंचंच. मी म्हटलं, "साधारण दीडशे. भिंतीपाशी उभे आहेत ते धरले नाहीत."

शेठजी म्हणाले, बघू तरी बरोबर आहे का. आणि इथून पुढे त्या समारंभाचं जे झालं ते कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. पुढच्या ओळीतले एक वकील उभे राहून मोजू लागले. त्यांच्यावर विश्वास नसल्यानं दुसरे वकील मोजू लागले. मोजणारे स्वतः उभे राहून इकडेतिकडे फिरायला लागल्यामुळे ओळी मोडल्या. पान थुंकायला गेलेले दोघे परत आले, ते एकदा धरले गेले आणि एकदा सुटले. मागे कुणाच्याशा मांडीवर झोपलेलं मूल माणूस धरायचं की नाही, यावर वकिलांचं वाजलं. हेडमास्तर स्वतः पगडी सांभाळत ओळींमधून हिंडत होते. आणि माझे काका, जे कधी कुणाच्या खेळात पडत नसत, ते उभे राहून बोटाची पेरं अंगठ्यानं मोजत होते. शेवटी चौघांचे चार आकडे आले. चारी माझ्या दीडशेच्या आसपास होते, पण एकाशी एक जुळेना.

शेठजी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, आपण सगळे नक्की सांगून चुकलो, ही साधारण सांगून बरोबर आली. हेडमास्तर हळू आवाजात म्हणाले की गणितात साधारण असं काही नसतं. शेठजी म्हणाले, "मास्तर, मी रोज कापडाचा गठ्ठा बघतो आणि किती वार असेल ते आधी मनाशी ठरवतो. मग मोजायला सांगतो. नाही तर मोजणाऱ्यानं चुकवलं तर मला कळणार कसं?"

बक्षीस मला मिळालं नाही. ते दिडकीवाल्या मुलींना मिळालं, आणि ते योग्यच होतं. पण घरी परतताना काका वाटेत म्हणाले, उद्या शाळेला वेळेवर जा. बस, तेवढंच.

सोळाचा पाढा मी नंतर दोन दुपारींत शिकले. बाईंनी चिंचोक्यांचे दहाचे ढीग एका बाजूला लावले, सहाचे दुसऱ्या बाजूला, आणि सांगितलं, सोळा म्हणून कुणी नाहीच गो, हे दोघं जोडीनं चालले आहेत. दहाचा पाढा तुला येतो, सहाचा येतो, आता दोघांना हात धरून चालव. एकदा हे दिसलं, मग मात्र त्यांनी दया दाखवली नाही. छत्री जमिनीवर आपटत तो पाढा माझ्याकडून सरळ, उलटा, मधूनच, असा घोटून घेतला. समजलंय म्हणून पाठ करायचं राहिलं तर याद राख, असं बजावलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हेडमास्तर आणि बाई यांच्यातलं अंतर लोकांना वाटायचं तेवढं नव्हतं. त्याच हिवाळ्यात हेडमास्तर महिनाभर आजारी पडले आणि त्यांचा वर्ग बाईंकडे आला. आम्हाला वाटलं, आता तिथेही सागरगोटे जाणार. बाईंनी तिथे एकही चिंचोका नेला नाही. हेडमास्तरांच्याच पद्धतीनं, त्यांच्याच चालीवर सवायकी-दिडकी म्हणून घेतली. आम्ही विचारलं तर म्हणाल्या, वर्ग त्यांचा आहे. आपण दुसऱ्याच्या घरी जाऊन चूल हलवतो का?

पुढे गाठीच्या तापाचं, म्हणजे प्लेगचं वर्ष आलं. गिरगावातली निम्मी घरं कुलपं लावून गेली, शाळा बंद झाली, आणि आम्ही मुली जिकडेतिकडे पांगलो. बाई परळकडे, मोकळ्या रानात बांधलेल्या झोपड्यांत राहायला गेल्या. तिथे कोकणातून आलेल्या गिरणीतल्या लोकांची पोरं दिवसभर उनाड हिंडत होती. बाईंनी त्यांना जमवलं. ताप ओसरल्यावर शाळा पुन्हा उघडली, हेडमास्तरांनी स्वतः जाऊन बोलावलं, पण बाई परत आल्या नाहीत. इथली पोरं अजून सातावर आहेत, असं त्यांनी कारण सांगितलं म्हणे.

माझं लग्न झालं तेही परळलाच, म्हणून त्या पुन्हा भेटल्या. शतक संपत आलं होतं. मी पंधरा वर्षांची होते आणि घरातली धाकटी सून. देवळातून परत येताना एका चाळीच्या पडवीत त्या दिसल्या. पोरं समोर बसलेली, मधे शिंपल्यांचा ढीग. केस पांढरे झाले होते. मला बघून त्यांनी पोरांना एक काम लावून दिलं आणि उठून आल्या. माझा हात हातात घेऊन त्यांनी सगळं विचारलं. नवरा गिरणीच्या हापिसात आहे, सासूबाई चांगल्या आहेत, स्वयंपाक मी बघते.

"घरात माणसं किती?" त्यांनी विचारलं.

"सात."

"तुला धरून?"

मी मनातल्या मनात मोजलं. सासरे, सासूबाई, दीर, जाऊ, नणंद, जावेचा मुलगा, हे. सात झाले. मी पुन्हा मोजलं.

बाई माझ्याकडे बघत होत्या. हसत नव्हत्या. "हे मी तुम्हाला बिगारीतच शिकवायला हवं होतं गो," त्या म्हणाल्या. "सगळं शिकवलं, हे राहिलं."

मग पोरांचा गलका झाला आणि त्या वळून गेल्या.

त्या संध्याकाळी मी तांदूळ आठ जणांचे धुतले. सासूबाईंनी भांड्यात डोकावून विचारलं, आज कुणी यायचंय का?

मी म्हटलं, "नाही. घरचीच."